पाटावरचा पाचवा भाग

आमच्या घरी खंडेनवमीच्या पाटावर एकदा पंख फुटलेल्या घोरपडीला हळदकुंकू लागलं, आणि ते मीच लावलं.

घोरपड म्हणायचं नाही, ड्रॅगन म्हणायचं, असं माझी नात सायली मला दर वेळी बजावते. असेल बापा ड्रॅगन. पण मी लहानपणी भंडाऱ्याकडे शेतात घोरपड पाहिलेली आहे, आणि त्या पुस्तकाच्या जाड पुठ्ठ्यावरचं चित्र पाहून मला तिच्याशिवाय दुसरं काही आठवलं नाही. फरक एवढाच की आमची घोरपड माणूस दिसला की पळायची, आणि हिच्यामागं माणसं सहाशे पानं पळतात.

तर झालं असं. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी दुर्गजवळ स्मृति नगरात राहतो. आमचे हे पोलादाच्या कारखान्यातून, ब्लास्ट फर्नेसवरून म्हणजे लोखंडाच्या मोठ्या भट्टीवरून, रिटायर झाले. मुलगा आणि सून बोकारोला बदलून गेले आणि सायली एम. एस्सी. करायची म्हणून आमच्याकडे राहिली. एम. एस्सी. दुर्गच्या कॉलेजात होते, आणि बाकीचं सगळं शिक्षण आमच्या गच्चीवर होते. दर रविवारी तिथं सात पोरं-पोरी जमतात. नोकरीचं बोलत नाहीत, लग्नाचं बोलत नाहीत (हे तर मुळीच नाही!). खाली चपला काढल्या की जिन्यातच एकमेकांना पहिला सवाल, "सध्या काय वाचून राहिला?"

आता वाचतात म्हटल्यावर म्हाताऱ्या माणसाला कौतुकच वाटायला पाहिजे. मलाही वाटलं, दोन रविवार. तिसऱ्या रविवारी मी पोह्यांच्या बशा घेऊन वर गेले आणि जरा ऐकत उभी राहिले. एक पोरगा सांगत होता, त्याच्या पुस्तकातला माणूस रोज सकाळी उठतो तर तोच मंगळवार. म्हटलं, बाबा, त्यासाठी पुस्तक कशाला, माझ्या स्वयंपाकघरात ये. एकीचं पुस्तक अंतराळयानाचं. ते यान तीनशे वर्षं चाललं आहे, आत हजार माणसं, आणि भांडी कोण घासतं ते एकदाही लिहिलेलं नाही! मी विचारलं तर म्हणाली, "आजी, वो फोकस नहीं है ना." तिसऱ्याच्या पुस्तकात रोबोटला एकटं वाटतं. आमचा मिक्सर चार वर्षांचा झाला, एकदाही उदास बसलेला नाही. जळतो तेव्हा सरळ जळतो.

आणि सायलीची ती घोरपडमाला! पहिल्या पानावर नकाशा, तोही नसलेल्या देशाचा. दुर्गहून राजनांदगाव कोणत्या दिशेला ते ह्या पोरांना मोबाईल काढल्याशिवाय सांगता येत नाही, पण त्या नसलेल्या देशातल्या नद्या उपनद्यांसकट पाठ. नावं अशी की उच्चारताना माझी कवळी हलावी. नायिका आधी राजवाड्यात भांडी घासते (इथं मात्र लिहिलं आहे, बरं का) आणि मग ती निघते राणी. भांडी घासणारी बाई भांडी घासणारीच निघाली, असं पुस्तक ह्या लोकांना चालतच नाही. एकूण सात भाग, पैकी पाच छापून झाले. सहावा डिसेंबरात येणार. सातव्याचं लेखकालाच ठाऊक नाही. पूर्ण न झालेली गोष्ट विकत घेणारे शहाणे मी पहिल्यांदाच पाहिले.

पाचवा भाग ह्या सातजणांनी मिळून एकच मागवला होता. परदेशातून, कडांना लाल रंग लावलेला. मोबाईलवर वाचता येतो म्हणे, पण तसं वाचणं त्यांच्यात कमीपणाचं. म्हणून रांग लावली. प्रत्येकाला ठरलेले दिवस. नियम दोन, आणि दोन्ही आमच्या सायलीबाईंनीच केलेले. जो पुस्तक वेळेवर पुढं देणार नाही, तो पुढच्या भागाच्या रांगेत सगळ्यात शेवटी. आणि जो कोणी दुसऱ्याला शेवट सांगून टाकेल, तोही शेवटी. खून केला तर काय शिक्षा ते लिहिलेलं नव्हतं. शेवट सांगण्यापेक्षा ते किरकोळ असावं.

नवमीच्या दिवशी पुस्तक सायलीकडे होतं आणि संध्याकाळी सहापर्यंत ते रांगेतल्या पुढच्या पोरीकडे, चरोद्याच्या प्रज्ञाकडे जायचं होतं. प्रज्ञाचे बाबा रेल्वेत. दसऱ्याला त्यांचं सगळं घर नागपूरला दीक्षाभूमीला जातं, त्या रात्रीच्या गाडीनं ते निघणार होते. गाडीत वाचायला म्हणून तिनं नवमीपासूनचेच दिवस मागून घेतले होते. नऊ महिने थांबली होती पोरगी. हे सगळं मला माहीत होतं. नव्हतं माहीत असं म्हणाले तर पाप लागेल.

पण सकाळपासून मी पाहत होते. घरात नवमी, आणि ही दिवाणावर पालथी पडून घोरपड वाचून राहिली. म्हटलं रांगोळी काढ, "हो आजी." म्हटलं आंब्याची पानं धू, "हो आजी." 'हो आजी' फक्त तोंडातून, डोळे पुस्तकात. दहा वाजता ती अंघोळीला गेली आणि माझं डोकं फिरलं.

आमच्याकडे नवमीला पाटावर सरस्वती मांडतात. घरातली हत्यारं आणि पुस्तकं पूजेला ठेवायची, आणि एकदा अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होऊन पाट हलवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ह्यांचा पाना, माझी विळी, माझी पोथी, सायलीची दोन कॉलेजची पुस्तकं असं मी मांडलंच होतं. त्याच्यावर नेऊन ठेवला पाचवा भाग. घोरपडीच्या कपाळावर हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. अक्षता टाकल्या आणि मोठ्यानं मंत्र म्हटला, म्हणजे कायद्यानं पक्कं झालं. म्हटलं, आता वाच.

सायली केस पुसत आली. दिवाणाकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, आणि ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "आजी, अडुसष्ट पानं राहिली."

"राहू दे. सरस्वतीच वाचीन आता."

"आज सहा वाजता द्यायचं आहे. आजी, प्लीज. मैं लास्ट में चली जाऊँगी."

"मंग जाय. घोरपडीच्या रांगेत शेवटी उभं राहिल्यानं कोणाचं लग्न मोडत नाही."

तिचे डोळे भरले. आता मला वाटलं होतं की ती चिडेल, मी दोन शब्द जास्त बोलेन, मजा येईल. रडणाऱ्या माणसाशी काय भांडणार! पण अक्षता पडल्या होत्या. मी टाकलेल्या अक्षता मीच उचलल्या तर माझी इज्जत काय राहिली? मग सायली तिच्या आजोबांकडे गेली. हे अंगणात पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकलं, पेपरची घडी घातली आणि आत येऊन पाटासमोर उभे राहिले. कारखान्यात असताना मशीन बिघडली की असेच उभे राहायचे म्हणे.

"अवं," मला म्हणाले, "विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कारखान्यात काय करतात, मालूम आहे ना तुले?"

"हत्यारांची पूजा करतात. कोणी हात नाही लावत."

"पान्याले नाही लावत, हातोड्याले नाही लावत. पण भट्टी? भट्टी बंद करतात का त्या दिवशी? बंद केली तर आतला लोहा जमून जाईन, महिनाभर कोणाले खोलता येणार नाही. भट्टीले हार घालतात, नारळ फोडतात, अन् भट्टी चालूच राहते. चालू भट्टीले पूजेची सुट्टी नसते."

"ते लोखंडाचं. हे पुस्तक आहे."

"अडुसष्ट पानं राहिली म्हणजे चालूच भट्टी झाली ना. पाटावरून उचलू नको म्हणा तिले. जागेवरच चालू दे."

तेहतीस वर्षं ह्यांनी त्या भट्टीपायी माझ्या हळदीकुंकवांना दांडी मारली, आणि आज ती भट्टी अशी उपयोगी पडली, माझ्याविरुद्ध. पण ह्यांच्या निवाड्यात एक फट होती, ती मी धरली. म्हटलं, ठीक आहे, वाच. पण सरस्वतीसमोर वाचायचं तर मनातल्या मनात चालणार नाही. मोठ्यानं वाच, आणि देवीसमोर काय चाललं आहे ते मला कळलं पाहिजे, म्हणून दर पानाला अर्थ सांग. मला वाटलं, दहा पानांत कंटाळेल.

तर ती बसली पाटासमोर मांडी घालून. पुस्तक पाटावरच, जरा पुढं ओढलेलं. झेंडूचं फूल पानात खूण म्हणून. वाचायची इंग्रजीत, अर्थ सांगायची आमच्या घरच्या भाषेत, म्हणजे अर्धा मराठी, अर्धा हिंदी. मी नैवेद्याची पुरणाची डाळ घेऊन जवळच बसले, लक्ष नाही असं दाखवत.

बाराला शेजारच्या बोरकरबाई दर्शनाला आल्या. बोरकरबाई ऐंशीच्या. एका कानानं बिलकुल ऐकू येत नाही, दुसऱ्यानं येतं, पण सोयीनं. दारातूनच त्यांना दिसली पाटासमोर बसून मोठ्यानं वाचणारी पोरगी. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि बसल्या. मला म्हणाल्या, "कोणती पोथी हो ताई?"

आता ह्या बाईंना काय सांगू? म्हटलं, "देव-दैत्यांचीच आहे. परदेशातली."

"वा! अर्थ सांगा ना मले."

झालं. सायली मला सांगणार आणि मी ते बोरकरबाईंना सांगणार, तेही छतावरची कबुतरं उडतील अशा आवाजात. दोन वाजेपर्यंत त्यांच्या दोन सुना आल्या, मागच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. कोणीतरी केळी आणली. घोरपडीसमोर केळी! सायली पान उलटत असताना एका बाईनं पुस्तकाला नमस्कार केला आणि मी तोंड फिरवून बसले.

तोवर गोष्ट अशी होती. ती भांडी घासणारी राणी पाच भाग त्या घोरपडीला शोधून राहिली. घोरपड कुठं लपली कोणाला ठाऊक नाही. डोंगर पालथे घातले, समुद्र पालथे घातले. आणि बर्फाच्या एका गावात एक आंधळा म्हातारा आहे, देवळाची घंटा वाजवतो. पहिल्या भागापासून, ती आली की तिला एक गरम भाकर देतो. बिचारा गरीब. इतका गरीब की घरात चूल नाही.

मी डाळ वाटता वाटता थांबले. "सायली, काय म्हटलं? चूल नाही?"

"नाही ना. गरीब दाखवायला लिहिलंय."

"मंग भाकर गरम कशी?"

"आजी, वो... मालूम नहीं. डिटेल आहे."

"डिटेल कशाची? बिना चुलीनं भाकर गरम राहत नाही. बर्फात तर दोन मिनिट नाही राहत. पाच भाग झाले, तुमच्यापैकी एकालेही विचारता नाही आलं?"

सायलीनं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं आणि पुढं वाचायला लागली. पण मी आता डाळ बाजूला ठेवली होती. नद्या पाठ करणाऱ्या सातजणांना दिसलं नाही ते मला दिसलं होतं, आणि असं सुख ह्या वयात रोज मिळत नाही.

साडेपाचला फाटकाशी स्कूटी थांबली. प्रज्ञा आली. सायली ओरडली, "आत येऊ नको, तीन पानं राहिली!" प्रज्ञा दारातच मागं फिरली. शेवट ऐकू येऊ नये म्हणून व्हरांड्यात जाऊन बसली, दोन्ही कानांत ते वायर नसलेले बोंडुक घालून, गाणी लावून, वरून दोन्ही हात. मी आतून पाहिलं आणि हसले. म्हटलं, काय हे वेड. गोष्टच ती. काय सोनं आहे का, चोरीला जायला?

इकडे राणी देवळात पोचली. घंटेची दोरी हातात घेतलेला म्हातारा. बाहेर शत्रूची फौज. बोरकरबाईंनी माझं मनगट घट्ट धरलेलं. सायलीनं शेवटचं पान उलटलं, दोन ओळी वाचल्या आणि गपकन थांबली. तोंडावर हात. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण नातीचा चेहरा वाचता येतो.

मी उठून उभीच राहिले. "म्हटलं नव्हतं मी? तो घंटेवाला म्हातारा म्हणजेच ती! तोच घोरपड!"

"काय म्हणता?" बोरकरबाई.

"अहो, तो म्हाताराच घोरपड निघाला! पोटात विस्तव, म्हणून भाकर गरम! चूल कशाले पाहिजे त्याले!"

हे मी कसं ओरडले असेन? बोरकरबाईंच्या बहिऱ्या कानाला ऐकू गेलं. समोरच्या घरातले लोक बाहेर आले. आणि नेमकं त्याच वेळी आमचे हे (पाहुण्याला चहा विचारल्याशिवाय ह्यांना जेवण जात नाही) व्हरांड्यात प्रज्ञाच्या समोर कप धरून उभे होते, आणि चहाला नाही म्हणायला म्हणून त्या पोरीनं दोन्ही कानांतले बोंडुक काढलेले होते.

मग दारात प्रज्ञा. तिनं पाटाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी," ती म्हणाली, "नऊ महिने थांबली होती मी."

रागानं बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. रागाची उत्तरं माझ्याकडे पुष्कळ आहेत. सकाळपासून मी ज्याला हसत होते, तेच मी त्या पोरीच्या हातून हिसकावून घेतलं होतं. म्हणजे सोनं होतं तर. मी फक्त एवढंच म्हणू शकले, "बाई, चुकलं माझं. माझ्याच्यानं राहवलं नाही."

तिनं बोंडुक डबीत ठेवले. मग म्हणाली, "पण तुमाले समजलं कसं? पानात लिहिलंय का आधी?"

"चूल नाही म्हणून. भाकर तर गरम."

तिच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलले. पहिला भाग, दुसरा भाग, मनात चाळून राहिली होती. "पहिल्या भागात," सायलीकडे वळून म्हणाली, "बर्फाचं वादळ येते ना. त्यातही रोटी गरम होती. अन् आपण सात जणांनी..." दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या, आणि मग माझ्याकडे, जसं काही मीच पंख उघडले.

"आण बाई पुस्तक," ती म्हणाली. "आता मी चूल शोधत वाचीन."

सायलीनं माझ्याकडे पाहिलं. अक्षता अजून पुस्तकावर होत्या आणि दसरा उद्या होता. मी म्हटलं, "पण पूजा उचलल्याशिवाय..."

"आजी," प्रज्ञा म्हणाली, "आमच्या घरी पुस्तकाले हार नाही घालत. फाटेपर्यंत वाचतो."

चार बायका बसल्या होत्या. चौघी माझ्याकडे पाहत होत्या. मी खाली वाकले, अक्षता टाकून 'पुनरागमनाय च' म्हटलं, घोरपडीच्या कपाळावरची हळद पदरानं पुसली (पिवळा डाग राहिलाच) आणि माझ्या हातानं पुस्तक तिला दिलं. तिनं ते पिशवीत न घालता छातीशी धरलं आणि गेली. सहाला पाच कमी होते.

सायली वाचली, वेळेवर दिलं म्हणून. पण शेवट फोडण्याचा नियम होताच. आठवड्यानं, रविवारी, गच्चीवर पंचायत बसली. मला वर बोलावलं. नागपूरहून आलेली प्रज्ञा मधोमध बसलेली. निकाल असा की शेवट आजीनं सांगितला, म्हणून सहाव्या भागाच्या रांगेत आजी सगळ्यात शेवटी, आठवी. इंग्रजी येत नसलं तरी माफी नाही. आजीच्या पाळीत सायली वाचून दाखवेल, पण तोपर्यंत तिला कोणी एक शब्दही सांगायचा नाही, सायलीनंसुद्धा नाही.

मला इतकं हसू आलं! म्हटलं, "अरे, मी असली पुस्तकं वाचत तरी असते का? हे तुमचे धंदे. शिक्षा म्हणायची का बक्षीस?" आणि पोह्यांच्या बशा गोळा करून, मान वर करून, जिना उतरले.

सातव्या नंबरावर अहिवाऱ्याचा एक पोरगा आहे. फार सावकाश वाचतो म्हणे, एकेक पान दोनदा. काल मी सायलीच्या मोबाईलवरून त्याला फोन लावला आणि विचारलं, "बेटा, इतक्या जाड पुस्तकानं डोळ्याले त्रास नाही होत का तुले? तू म्हणशीन तर तुझा नंबर मी घेऊन टाकीन."